शिबोरी जरूर शिका, पण रेशमावर नको



शिबोरीची हौस हल्ली आपल्यातही आली आहे. कापडाला पंख्यासारख्या चुण्या घालायच्या, त्याची त्रिकोणी पुडी करायची, दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या लावून घट्ट बांधायचे आणि रंगात बुडवायचे. जिथे दाब बसतो तिथे रंग शिरत नाही. उलगडले की नक्षी! जपानीत याला इताजिमे म्हणतात. कला सुंदर आहे, तिच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते शिकण्यासाठी हातात दिल्या जाणाऱ्या पांढऱ्या रेशमी स्कार्फशी.

आपण पाणी गाळून वापरतो, धान्य निवडताना किडा दिसला तर तो अलगद बाहेर सोडतो. मग हा स्कार्फ कसा झाला, हे का विचारत नाही? रेशमाचा धागा अखंड मिळावा म्हणून कोषातला जीव वाफेने किंवा गरम हवेने मारतात आणि मग कोष गरम पाण्यात घालून धागा उकलतात. पतंग बाहेर पडू दिला तर कोषाला भोक पडते, धागा तुटतो. १ किलो कच्च्या रेशमाला सुमारे ५,००० कोष लागतात. म्हणजे २० ग्रॅमच्या तलम स्कार्फला १००. हे त्रस जीव काही चुकून पायाखाली आलेले नाहीत. चुलीपाशी, झाडलोटीत होणारी आरंभी हिंसा गृहस्थाला पूर्ण टळत नाही. ही मात्र ठरवून केलेली. आणि ‘मी कुठे मारले, मी तर विकत घेतला’ हे आपल्याकडे चालत नाही. कृत, कारित, अनुमोदित, तिन्ही आपल्याच खात्यावर पडतात.

‘पण रेशमावरच नक्षी खुलते गं!’ असे म्हणणारीने आरिमात्सूकडे पाहावे. नागोयाजवळचे हे गाव १६०८ मध्ये वसले. तोकाइदो या हमरस्त्यावरच्या प्रवाशांना तिथले लोक शिबोरीचे सुती पंचे विकत आणि त्यावरच गावाचे नाव झाले. सामान्यांच्या रेशीम वापरावर तेव्हा तिथे बंधने होती. क्योतोत रेशमावरही शिबोरी होते, हे खरे. पण सेक्का ही हिमफुलांसारखी घडीची नक्षी आरिमात्सूत चक्क बाळांच्या सुती लंगोटांवर करत.

‘अहिंसा रेशीम घेऊ.’ त्यात पतंग बाहेर पडू देतात, एवढे खरे. पण तुतीच्या रेशमाचा पतंग माणसाने इतका पाळीव केला आहे की त्याला उडताही येत नाही. शिवाय अंडीपुंज तयार करणाऱ्या केंद्रांत रोग तपासण्यासाठी अंडी घातलेली मादी चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ‘आमची अंडी कुठून आली?’ हे विक्रेत्याला विचारा. उत्तर मिळेपर्यंत नुसत्या नावावर विसंबू नका.

‘कापसावरही फवारणी होतेच ना?’ होते. म्हणूनच नवे कापड आणू नका, जुनी मलमलची साडी किंवा धोतर घ्या. पण फरक ओळखा. कापूस कीड न मारताही पिकवता येतो. रेशमाचा अखंड धागा कोषातल्या जिवाला मारल्याशिवाय निघत नाही.

धुण्याचा सोडा घालून कापड उकळा, म्हणजे खळ निघेल. नीळ वनस्पतीचीच घ्या. नैसर्गिक म्हटला की रंग निर्दोष, असे समजू नका. लाख आणि कोचिनील हे लाल रंग किड्यांपासूनच येतात. निळीतून कापड हिरवट निघते आणि वाऱ्यावर डोळ्यांदेखत निळे होते. तो आनंद मलमलवर तसूभरही कमी होत नाही.

राहता राहिले पूजेचे वस्त्र. रेशीम शुद्ध, सूत साधे, ही समजूत आपल्यात खोल रुजली आहे. ज्या वस्त्रासाठी हजारो जीव गेले, ते नेसून अहिंसेच्या उपदेशकापुढे उभे राहणे कोणत्या अर्थाने शुद्ध, हे आपापल्या घरी एकदा बोलून पाहा. सासूबाईंशी वाद होईल. होऊ द्या.