कापडी पिशवीने झाकलेला प्रश्न

२० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातमधील केवडिया येथे, संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांच्या उपस्थितीत, पंतप्रधानांनी पर्यावरणस्नेही जीवनशैलीच्या मोहिमेचा मोठ्या गाजावाजाने प्रारंभ केला. नागरिकांनी व्यक्तिशः करावयाच्या ७५ कृतींची एक यादीही प्रसृत करण्यात आली. बाजारात जाताना कापडी पिशवी न्यावी, लाल दिव्यापाशी वाहनाचे इंजिन बंद करावे, शक्य तेथे सार्वजनिक वाहनाने प्रवास करावा, इत्यादी. यांतील एकही कृती वाईट नाही. परंतु हा उपदेश नेमका कोणाला उद्देशून आहे?

जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या, रद्दी आणि रिकाम्या बाटल्या भंगारवाल्याला विकणाऱ्या, आणि इंजिन बंद करावयास मुळात वाहनच नसलेल्या कोट्यवधी श्रमिकांना काटकसर शिकविण्याचे कारण नाही. दारिद्र्याने ती त्यांना केव्हाच शिकविली आहे. ऑक्सफॅम या संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९९० ते २०१५ या काळात जगातील सर्वांत श्रीमंत एक टक्का लोकांचे कार्बन उत्सर्जन तळाच्या निम्म्या मानवजातीच्या एकत्रित उत्सर्जनाच्या दुपटीहूनही अधिक होते.

व्यक्तीच्या माथी दोष मारण्याची ही युक्ती नवी नाही. ब्रिटिश पेट्रोलियम या बलाढ्य तेल कंपनीने २००४ च्या सुमारास सामान्य ग्राहकाला स्वतःच्या ‘कार्बन पाऊलखुणा’ मोजण्याचे साधन देऊ केले आणि जाहिरातींच्या बळावर तो शब्द जगभर रूढ केला. तेल उपसणाऱ्याने तेल जाळणाऱ्याला हिशेब विचारावा, असा हा अजब न्याय! याच कंपनीसाठी मेक्सिकोच्या आखातात खोदकाम करणाऱ्या तेलमंचावर एप्रिल २०१० मध्ये स्फोट होऊन अकरा कामगार मृत्युमुखी पडले आणि समुद्रात कित्येक आठवडे तेल वाहत राहिले. ते कोणाच्या जीवनशैलीच्या खात्यावर मांडावयाचे?

याचा अर्थ व्यक्तीने हातपाय हलवू नयेत असा मुळीच नव्हे. पुण्यात कचरावेचक स्त्रियांनी संघटित होऊन सहकारी संस्था उभारली आणि २००८ साली महानगरपालिकेशी करार केला. घरातील ओला व सुका कचरा वेगळा ठेवण्याला तेथे अर्थ आहे, कारण तो दारातून नेणारी आणि त्यातून उपजीविका करणारी कष्टकरी स्त्री आहे. जेथे दोन डब्यांतील कचरा अखेर एकाच गाडीत ओतला जातो, तेथे गृहिणीचे सारे कष्ट मातीमोल ठरतात.

सार्वजनिक वाहनाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. मुंबईत बेस्ट उपक्रमाच्या ताफ्यात २०१० च्या सुमारास चार हजारांहून अधिक गाड्या होत्या. पुढे स्वतःच्या गाड्या भंगारात निघत गेल्या, त्यांच्या जागी कंत्राटदारांच्या भाडोत्री गाड्या आल्या, त्याही अपुऱ्या. मे २०२५ मध्ये साध्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये, म्हणजे थेट दुप्पट, करण्यात आले. त्याच शहरात बारा हजार कोटींहून अधिक रुपये खर्चून बांधलेला सागरी किनारा मार्ग २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्यावरून मोटार हाकणाऱ्या धनिकाला एक पैसाही पथकर पडत नाही, आणि कामगाराच्या दुचाकीला तर त्यावर प्रवेशच नाही!

शासनाला नागरिकांची जीवनशैली खरोखरच बदलावयाची असेल, तर बेस्टची भाडेवाढ रद्द करावी, उपक्रमाच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या वाढवाव्यात आणि त्यांवर कायम नोकरीतील चालक-वाहक नेमावेत. थांब्यावर तासभर तिष्ठणाऱ्या प्रवाशाच्या खांद्याला कापडी पिशवी आजही आहे. त्याला हवी आहे ती बस.