मातृभाषेचा न्याय तांड्यापर्यंत

२०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी शिकविण्याचा प्रश्न गाजला. कोवळ्या वयाच्या मुलावर परक्या भाषेचे ओझे लादू नये, त्याच्या शिक्षणाचा पाया मातृभाषेतच घातला जावा, असा युक्तिवाद हिरिरीने मांडला गेला आणि २९ जून रोजी शासनाला आपले आदेश मागे घ्यावे लागले. हा युक्तिवाद निःसंशय योग्य होता. प्रश्न एवढाच की, ज्या मुलांच्या वतीने तो केला गेला, त्यांत बीड जिल्ह्यातील लमाण तांड्यावरचे मूल होते काय?

गेवराई, माजलगाव, धारूर, वडवणी या तालुक्यांत विखुरलेल्या तांड्यांची घरची भाषा मराठी नव्हे. तेथे आईला ‘याडी’ म्हणतात आणि भाकरीला ‘बाटी’. राजस्थानी बोलींशी नाते सांगणारी ही गोरबोली, बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरणाऱ्या बंजाऱ्यांबरोबर दक्षिणेत आली. रस्ते व रेल्वे आल्यावर त्यांचा व्यापार बुडाला. भाषा मात्र टिकली. २०११ च्या जनगणनेत ३२ लाखांहून अधिक लोकांनी लमाणी ही आपली मातृभाषा सांगितली; परंतु सरकारी कोष्टकात त्यांची गणना हिंदीच्या पोटात झाली! महाराष्ट्र जी भाषा आपल्या मुलांवर लादू देत नाही, तीच तांड्याची मातृभाषा म्हणून कागदोपत्री नोंदली जाते, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

याला केवळ सांस्कृतिक अस्मितेचा प्रश्न समजणे चुकीचे ठरेल. वास्तविक तो अर्थकारणाचा प्रश्न आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावरच परततात. मुले एक तर त्यांच्याबरोबर फडावर जातात, नाही तर आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. ऊसतोड कामगारांत अनेक समाजांची कुटुंबे आहेत. स्थलांतराचा खंड त्या सर्वांच्याच मुलांच्या शिक्षणात पडतो. लमाण मुलाच्या वाट्याला मात्र त्याच्या जोडीला भाषेचाही खंड येतो. जून ते ऑक्टोबर या चार महिन्यांत गुरुजींची भाषा कुठे कानावर बसू लागते, तोच बिऱ्हाड गाडीत चढते. पुढच्या वर्षी पुन्हा पहिला धडा. अशा मुलाला ‘मठ्ठ’ ठरविणे सोपे असते. ते शाळेतून गळते आणि काही वर्षांनी त्याच्याही हाती कोयता येतो. उचलीचा हिशेब वाचता न येणाऱ्या मजुराला मुकादमाच्या शब्दावर विसंबावे लागते, आणि कर्ज एका हंगामातून दुसऱ्या हंगामात जाते.

गोरबोलीला स्वतःची रूढ लिपी नाही, ही सबब टिकणारी नाही. ती देवनागरीत लिहिली जातेच. तांड्यावरच्या पालकांनाच मराठी हवी आहे, हा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. त्यांची अपेक्षा रास्त आहे, कारण बाजार, कचेरी आणि नोकरी मराठीतच चालते. परंतु येथे मराठीऐवजी गोरबोली असा पर्याय कोणी सुचवीत नाही. गोरबोलीच्या पायरीवरून मराठीकडे नेणे एवढेच अभिप्रेत आहे. ओडिशाने २००६ पासून आदिवासी मुलांसाठी हाच मार्ग धरला. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याची जबाबदारी संविधानाचा अनुच्छेद ३५०-क राज्यावर टाकतो, आणि शिक्षणाचे माध्यम शक्यतो मातृभाषा असावे, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदाही सांगतो. तेव्हा नवा कायदा करण्याची गरज नाही.

गरज आहे ती थोडक्या तरतुदीची. तांडावस्तीच्या शाळांत पहिली दोन वर्षे गोरबोली जाणणारा शिक्षक किंवा साहाय्यक असावा, बोलीतून मराठीकडे नेणारी छोटी पुस्तिका असावी आणि हंगामी वसतिगृहांतही तीच व्यवस्था चालू राहावी. तांड्यांवर शिकलेले बेरोजगार तरुण आहेत. खर्च फार नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळालेल्या मराठीला या बोलीचे भय वाटण्याचे कारण नाही. आपल्या मुलांसाठी मागितलेला न्याय शेजारच्या तांड्यावरील मुलाला नाकारला गेला, तर तो न्याय होता की केवळ बहुसंख्यांचा हट्ट, हा प्रश्न महाराष्ट्राला टाळता येणार नाही.