हातांची विद्या

विद्या पुस्तकांत असते, ही समजूत आपल्या शाळांतून इतकी रुजली आहे कीं, हातांनीं शिकावयाच्या विद्येस आपण कमी प्रतीची लेखतों. रुग्णसेवेच्या क्षेत्रांत ही समजूत रोग्यास महाग पडते. आमच्या वाचकांपैकीं कांहीं विद्यार्थी पुढें फिजिओथेरपी, म्हणजे व्यायाम व अंगचालन यांच्या साहाय्यानें दुबळ्या अवयवांस पुन्हां कामास लावण्याची विद्या, शिकावयास जातील. त्यांच्यासाठीं हे दोन शब्द.

या विद्येचा पाया यंत्रांत नाहीं. रोगी दारांतून आंत येतो तेव्हां कोणत्या पायावर भार टाकतो हें पाहणें, त्याची तक्रार त्याच्याच शब्दांत पुरती ऐकून घेणें, सांधा किती अंश वळतो हें कोनमापकानें मोजणें, स्नायूचें बळ हातानें अजमावणें, हाच तो पाया होय. स्नायूच्या बळास ० पासून ५ पर्यंत गुण देण्याची पद्धत आहे. अवयव स्वतःचें वजन पेलून पुरता उचलला गेला तर ३ गुण. खालून आधार देऊन वजन काढून घेतल्यावरच तो हालला तर २. अंतर एका गुणाचें दिसतें. परंतु आपल्या हातानें घांस तोंडाशीं नेणें आणि दुसऱ्यानें तो भरविणें, यांतील अंतर बहुधा तेंच असतें. हा अंक अंदाजानें लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास, महिन्यानंतर रोगी सुधारला कीं नाहीं, हें कसें सांगतां येणार?

कोणी म्हणेल, इतक्या साध्या गोष्टींत शिकावयाचें तें काय? त्यानें जामखेडकडे पाहावें. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० सालीं येथें ग्रामीण आरोग्याचें कार्य आरंभिलें. १९७९ सालीं उभयतांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कार्यांतील आरोग्यसेविका गांवोगांवच्या स्त्रिया होत्या, आणि त्यांतील पुष्कळ निरक्षर होत्या. थोडें शिकावें, गांवीं जाऊन करावें, पुन्हां केंद्रांत येऊन पुढचें शिकावें, या क्रमानें त्या बाळंतपण करण्यास व कुष्ठरोगाचा बधिर चट्टा ओळखण्यास शिकल्या. अक्षरओळख नसणाऱ्या स्त्रियांस सरावानें जें साधलें, तें पदवीच्या विद्यार्थ्यास एकदां पाहून साधेल, असें मानणें हा निव्वळ गर्व होय.

त्याच जामखेडांत कृत्रिम अवयवांची कार्यशाळा उभी राहिली व तेथें जयपूर पाय बनूं लागला. कारागीर रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनीं जयपुरास सिद्ध केलेला हा पाय लावून उकिडवें बसतां येतें, अनवाणी शेतांत चालतां येतें. परंतु पाय बसविला म्हणजे माणूस चालूं लागला, असें नाहीं. पाय कापावा लागलेल्या रोग्याच्या उरलेल्या मांडीखालीं घरचीं माणसें मायेनें उशी ठेवतात. दिवसानुदिवस तसेंच राहिल्यानें सांधा आखडतो, आणि मग उत्तम पायहि नीट चालवितां येत नाहीं. ती उशी कोणत्या यंत्रास दिसणार? ती दिसावयास डोळा पाहिजे, ती काढावयास लावण्यासाठीं गोड शब्द पाहिजे.

यंत्रें नकोत, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु उपचारकाजवळ रोगी अर्धा तास असतो. उरलेला दिवस तो घरीं काढतो. म्हणून रोग्याच्या आईस, पत्नीस, भावास तेंच कौशल्य शिकवून ठेवणें हेंहि पायाभूत शिक्षणच आहे. स्वतःची विद्या जपून ठेवणारा उपचारक अर्धाच उपचार करतो.

ज्या कुष्ठरोग्यास जगानें दूर लोटलें, त्यास प्रभु येशूनें हात लावला, हें आपण बाळपणापासून ऐकत आलों आहोंत. विद्यार्थीमित्रहो, तुमचा हातहि असाच न कचरणारा असो. आणि त्यास काय लागतें आहे, हें नीट ओळखण्याइतका तो शिकलेला असो. नुसत्या दयेनें कोणाचाहि गुडघा सरळ होत नाहीं.