खुब्याची नोंद, दाताची बोंब

ठाकुर्ली पूर्वेला या आठवड्यात पेपराच्या घडीतून एक गुळगुळीत पत्रक पडलं. इम्प्लांट बसवा, आयुष्यभराची गॅरंटी, वर दातांची सफाई फुकट. आयुष्य कोणाचं, रुग्णाचं, स्क्रूचं की दवाखान्याच्या भाडेकराराचं, याचा खुलासा नाही. हप्त्यांची सोय ठळक अक्षरांत होती. तुम्ही कोणत्या गोळ्या घेता, हा प्रश्न मात्र कुठेच नव्हता. या स्तंभाचे नेहमीचे वाचक आता कपाळाला हात लावतील, कारण गाडी पुन्हा रुग्णाच्या फाईलवर येणार आहे.

गॅरंटीवाल्यांचा एक लाडका दाखला आहे. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं, हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनमार्क यांना १९५२ मध्ये सशांवरच्या प्रयोगात दिसलं. १९६५ मध्ये त्यांनी योस्ता लार्सन यांच्या जबड्यात इम्प्लांट बसवले आणि ते २००६ मध्ये लार्सन वारले तोवर टिकले. दाखला खरा आहे. रुग्ण एक आहे.

त्याच्याशेजारी खुब्याच्या कृत्रिम सांध्याची गोष्ट ठेवून पाहावी. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिप्यू कंपनीच्या 'एएसआर' सांध्यात धातूचा गोळा धातूच्याच वाटीत फिरायचा. घासता घासता कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण सुटायचे, आजूबाजूच्या मांसात आणि रक्तात उतरायचे. हे उघडकीला आलं ते तक्रारदार मोठ्याने ओरडले म्हणून नव्हे. ऑस्ट्रेलियात आणि इंग्लंडमध्ये बसवलेल्या सांध्यांची राष्ट्रीय नोंद ठेवतात, म्हणून. इंग्लंड-वेल्सच्या नोंदींत पाच वर्षांत साधारण १२ ते १३ टक्के रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागल्याचं दिसलं आणि ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने जगभरातून माल परत बोलावला.

आपल्याकडे तोवर सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) कंपनीविरुद्ध माहीम पोलिसांत तक्रार दिली. केंद्राला तज्ज्ञ समिती नेमायला २०१७ उजाडलं. समितीने प्रत्येकी किमान २० लाखांची भरपाई सुचवली. मग ती द्यायची कोणाला याचा शोध सुरू झाला, तर हजारो रुग्णांचा पत्ताच लागेना.

दाताचा स्क्रू खुब्यासारखा गरगर फिरत नाही, त्यामुळे त्याची झीज त्या मानाने फारच थोडी, हे कबूल. पण स्क्रू आणि वरचा अबटमेंट (कृत्रिम दात ज्यावर बसतो तो जोडभाग) जिथे जुळतात तिथे चावताना सूक्ष्म हालचाल होते. सफाईच्या यंत्राचं स्टीलचं टोक टायटॅनियमवर ओरखडे काढतं. पत्रकातली फुकट सफाई कोणत्या टोकाने करणार, हे विचारायला हरकत नाही. इम्प्लांटभोवतीच्या सुजलेल्या हिरडीत टायटॅनियमचे कण सापडलेले आहेत. कणांमुळे सूज की सुजेमुळे कण, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. आपल्याकडे दातांच्या इम्प्लांटची अशी नोंदवही असती तर निदान भांडायला आकडे तरी मिळाले असते.

आता गोळ्या. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी जुन्या रुग्णांच्या फाइली (हो, फाइलीच) तपासल्या. नैराश्यावरची एसएसआरआय औषधं घेणाऱ्यांचे १०.६ टक्के इम्प्लांट निकामी झाले, न घेणाऱ्यांचे ४.६, हा अभ्यास २०१४ चा. २०१७ मध्ये पित्ताच्या ओमेप्राझोल जातीच्या गोळ्यांचा हिशेब आला: ६.८ विरुद्ध ३.२ टक्के. रक्तदाबाच्या काही औषधांचा कल उलटा, म्हणजे बरा निघाला. एवढ्यावरून गोळीनेच स्क्रू सैल केला असा निकाल देता येत नाही, पण विचारायला नक्कीच हवं. सकाळची ७.५० ची लोकल धरणाऱ्या अर्ध्या ठाकुर्लीच्या खिशात त्याच जातीच्या पँटोप्राझोलची पट्टी असते, असा या स्तंभाचा ठाम आणि पूर्णपणे पुराव्याविना समज आहे. तिला कोणी औषध मानत नाही, म्हणून डॉक्टरांना सांगतही नाही.

त्याहून सहज विसरलं जातं ते हाडांच्या ठिसूळपणावरचं झोलेड्रोनिक आम्ल. वर्षातून एकदा सलाईनमधून देतात, गोळ्यांच्या डब्यात ते नसतंच. जुन्या हाडाची मोडतोड करणाऱ्या पेशींना ते रोखतं आणि जबड्याचं हाड भरून येण्यासाठी तीच मोडतोड लागते. या औषधांमुळे जबड्याचं हाड मृत होऊ शकतं, हे २००३ पासून माहीत आहे. पण म्हणून घरातल्या आजींनी ते औषध परस्पर बंद करायचं नाही. दाताच्या आणि हाडाच्या डॉक्टरांनी एकमेकांना एक फोन करायचा.

इम्प्लांटच्या डबीवर रुग्णाच्या नोंदीत चिकटवण्यासाठी सोलून काढायचं लेबल असतं. कंपनी, माप, लॉट नंबर, सगळं त्यावर. ते मागून घ्यावं आणि चालू औषधांच्या यादीसोबत ठेवावं. उपकरणांमुळे झालेला त्रास कळवण्यासाठी केंद्राची मटेरिओव्हिजिलन्स योजना २०१५ पासून सुरू आहे. तिच्या अर्जात हीच माहिती विचारतात. 'खालची दाढ, डावीकडची, डॉक्टर फार चांगले होते' एवढ्यावर तो अर्ज भरून होत नाही.