७८ फेऱ्यांची सोय आधी बघा
ढाणकीसारख्या गावात माळ्यावरून तबकड्या निघाल्या, तर त्यात बालगंधर्व, हिराबाई बडोदेकरांच्या लाखेच्या तबकड्या आणि नंतरच्या काळातल्या एलपी अशी दोन्ही घराणी एकत्र सापडू शकतात. म्हणून मध्यम किमतीचा टर्नटेबल घेणाऱ्याला मी सांगेन, ब्लूटूथ नंतर बघा. लाखेच्या तबकड्यांना लागणारा मिनिटाला ७८ फेऱ्यांचा वेग आहे का, ते आधी विचारा. रेगा प्लॅनर १ उत्तम यंत्र, पण त्यात ३३⅓ आणि ४५ एवढेच वेग. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-एलपी१२०एक्समध्ये तिन्ही आहेत, फोनो प्रीअ‍ॅम्पही आतच. तरी नुसत्या वेगानं भागत नाही. लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घासते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त उचलते. त्यासाठी जाड टोकाची एटी-व्हीएमएन९५एसपी ही सुई वेगळी घ्यावी. ती लावली की सुईवरचा भार २ ग्रॅमवरून ५ ग्रॅमवर न्यायचा, आणि एलपी लावण्याआधी सुई व भार दोन्ही पूर्ववत करायचे. सुई हातानंच काढता-घालता येते; शहरातलं दुकान लांब असलेल्या रसिकाला मला हीच सोय सर्वांत मोलाची वाटते.