भयापुढे वाकलेली शिस्त

‘चॅलेंजर’च्या रॉकेटांच्या सांध्यांतील रबरी कडी कडाक्याच्या थंडीत दगा देतील, तेव्हा उड्डाण नको, असे मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी २७ जानेवारी १९८६ च्या रात्री बजावले होते. ‘नासा’ने नाराजी दर्शविताच, बडे गिऱ्हाईक दुखावेल या धास्तीने व्यवस्थापकांनी तो सल्ला फिरविला. उड्डाण सुरक्षित असल्याचे आधी सिद्ध करावे, ही रीत त्या रात्री उलटी झाली. धोका सिद्ध करण्याचा भार अभियंत्यांवर आला. दुसऱ्या दिवशी सात अंतराळवीर प्राणांस मुकले. तेथे ज्ञान होते. उणीव होती ती अभयाची. सुरक्षिततेचे नियम भिंतीवर टांगून भागत नाही. ‘नाही’ म्हणणाऱ्याची भाकरी शाबूत राहील, ही हमी कामगारांनी संघटित होऊनच मिळविली पाहिजे.