वजन भरले, पण रक्तदाब कोण पाहणार?

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुकसारख्या गावात बाळ आठव्या महिन्यात जन्मले, की घरच्यांचा सारा घोर पहिल्या काही आठवड्यांचा असतो. जगेल का, दूध ओढेल का, वजन वाढेल का. आशाताई घरी येऊन वजन करतात. बाळ बाळसे धरते आणि ‘आठमाशी’ हा शब्द फक्त आजीच्या बोलण्यात उरतो. सरकारी कागदावरूनही तो पुसला जातो, आणि खरी अडचण तिथेच आहे.

37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळांची संख्या भारतात 2020 मध्ये सुमारे 30 लाख होती, जगात सर्वाधिक. नवजात कक्ष आणि कांगारू पद्धतीमुळे यातली बरीच आता मोठी होतात. पण मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्या साधारण 36व्या आठवड्यापर्यंतच तयार होतात. लवकर जन्मलेल्यांना अनेकदा कमी गाळण्यांवर आयुष्य काढावे लागते, आणि रक्तदाब चढायला हे एक कारण पुरते. हृदयावरही खूण राहते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी अशा तरुणांचे एमआरआय केले, तेव्हा डाव्या कप्प्याची भिंत जाड आणि पोकळी लहान आढळली. स्वीडनमधील सुमारे 20 लाख लोकांच्या नोंदींत, तिशी ते त्रेचाळिशीत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार अकाली जन्मलेल्यांत दीडपट दिसला. या वयात तो मुळातच विरळ, त्यामुळे आईबापांनी धास्ती घेण्याचे कारण नाही. मात्र बाळ गुटगुटीत करण्याच्या नादात साखर-तुपाचा मारा करू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी रक्तदाब मोजावा, आणि 32 आठवड्यांआधी जन्मलेल्यांचा त्याहीपूर्वी, असे अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. आपल्याकडे निदान या मुलांचा तरी मोजायला काय हरकत आहे? त्यासाठी लहान पट्टा हवा; मोठ्यांचा पट्टा चिमुकल्या दंडावर गुंडाळला तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो आणि सगळेच निश्चिंत होतात.

दुसरी गोष्ट बिनखर्चाची. जन्माचे आठवडे माता-बाल कार्डावरून शाळेच्या आरोग्यपत्रकावर उतरवावेत. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाचे कार्ड पावसाळ्यापर्यंत टिकेलच असे नाही. त्यांच्यासाठी ही नोंद अंगणवाडीच्या वहीतही असावी. म्हणजे तिशीत छातीत दुखू लागलेला तरुण दवाखान्यात आला, तर डॉक्टरांना तो किती आठवड्यांचा जन्मला हे विचारता येईल आणि त्याच्याकडे उत्तरही असेल.